नाव घ्यावी तर कशी?

यंदा श्रावणापासून आमच्या उमापूरच्या घरात एकच विषय चालू होता, तो म्हणजे नाव. कीर्ती या अर्थाने नव्हे; तेवढे भाग्य आमच्या घराण्याचे नाही. पाण्यावर चालते ती नाव!

त्याचे असे झाले. आमचे थोडे रान उमापूरहून पुढे गोदावरीच्या अंगाला आहे. 1976 साली जायकवाडी धरण सुरू झाले आणि पुढे नदीवर बंधारे झाले, तेव्हापासून काठाच्या शेतकऱ्याची मोटार नदीत आणि जीव मोटारीत अशी स्थिती आहे. पाणी चढले की मोटार वर ओढा, उतरले की पुन्हा आत ढकला, पाइपाच्या तोंडाला गाळ बसला तर तो काढा. ही सगळी कामे माझा पुतण्या थर्माकोलच्या चप्पूवर बसून करी आणि उरलेल्या वेळात त्यावरूनच गळ टाकून मासे धरी. थर्माकोलवर बसणारा तो एकटाच नव्हे म्हणा. धरणाच्या वरच्या अंगाला भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलवर बसून शाळेत जात होती, हे 2023 साली वर्तमानपत्रांत आपण वाचलेच असेल.

एके दिवशी पाइप ओढताना हा एका बाजूला वाकला आणि चप्पू दुसऱ्या बाजूने वर आला. पाइपच हाती लागला म्हणून बचावला. वहिनींना हे कळले तिसऱ्या दिवशी, आणि तेही शेजारणीकडून. त्यांनी मला पुण्याला फोन केला.

"भाऊजी, तुम्ही शिकलेसवरलेले. ह्याला एक धड नाव बघून द्या. नाहीतर मी ती मोटारच विकून टाकते."

झाले! ज्याला पोहता येत नाही अशा माणसाची नौकापरीक्षक म्हणून नेमणूक झाली.

मी प्रथम भाळलो तो एका लांब, निमुळत्या कयाकवर. काय तिचे रूप! पण वाचत गेलो तसा शहाणा झालो. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची. वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत, आणि तीही ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापाने. म्हणजे नाव कसली, अंगरखाच तो! उलटली तर आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या एका फटक्याने ते सुलटे होत. आमच्या पुतण्याला साधी कोलांटी धड येत नाही.

खरा मुद्दा रुंदीचा. रुंदी दुप्पट केली की कलण्याला होणारा विरोध दुप्पट नव्हे, आठपट होतो. 70 सेंटिमीटरची नाव 77 ची केली, तर एवढ्या चार बोटांत तो विरोध सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मग रुंदच रुंद का घेऊ नये? तर हंपीला तुंगभद्रेत हरिगोल आहेत, ते पाहा. वेताबांबूची ती गोल टोपली सहसा कलंडत नाही, पण नवख्याने वल्हे मारले की जागच्या जागी गिरकी घेते. तेव्हा मध्यममार्ग बरा: लांबी तीन मीटरच्या आसपास, रुंदी ऐंशी सेंटिमीटर.

दादांचे मत पत्र्याच्या नावेचे होते. स्वस्त, प्रशस्त, आणि गावात वेल्डिंगवाला हाताशी. मलाही ते पटत आले होते. पण काठावरचे एक म्हातारे भोईमामा म्हणाले, "पत्र्याची नाव चांगलीच हाय. पण हवाबंद पेटी नसंल अन् पाणी भरलं, तर ती तुमच्या आधी तळाला जाती." त्या एका वाक्याने निकाल लागला. वर बसायची कयाक घ्यायची ठरली. हिचे अंग बंद, पोकळ; बैठकीत आलेले पाणी भोकांतून आपोआप खाली जाते आणि उलटली तरी ती हौदासारखी भरत नाही.

दुकानदाराने "दीडशे किलो पेलते" असे ठासून सांगितले. वाचकहो, हा आकडा तरंगण्याचा असतो, काम करण्याचा नव्हे. त्याचे दोन तृतीयांशच धरावेत. आमचा पुतण्या सत्तर किलोचा, वर पाने, दोरखंड आणि मासे. हिशेब जेमतेम बसला. जवळच्या तळ्यावर त्याला बसवून मागची पिशवी काढायला लावली, दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत हात बुडवायला लावले. दुकानदार कंटाळला, पण मी हटलो नाही. अठ्ठावीस हजार मोजले. वल्हे आणि तरंगजाकीट यांचे पैसे वेगळे. जाकिटाच्या पैशात घासाघीस करावी असे दादांना वाटले. वहिनींनी त्यांच्याकडे नुसते पाहिले.

घरी दोन अटी घातल्या. मासे धरायचे ते तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारून. आणि पैठणला दरवाजे उघडले की नाव लिंबाखाली पालथी. उन्हाने प्लास्टिक विरते म्हणून एरवीही तिची जागा तीच. चढत्या गोदावरीपुढे आपली काय कथा! आमच्याच तालुक्यात राक्षसभुवनला 1763 साली निजामाचे अर्धे सैन्य नदीपलीकडे गेले, अर्धे अलीकडे राहिले आणि पुरामुळे एकाला दुसऱ्याच्या मदतीला येता आले नाही. माधवराव पेशव्यांनी अलीकडचे गाठले.

नवरात्रात नाव पाण्यात उतरली. नारळ फुटला. छातीभर पाण्यात मी पुतण्याला ती मुद्दाम उलटवायला लावली आणि पुन्हा वर चढायला सांगितले. पहिल्या दोन खेपा तो घसरला. मग पोटावर आडवा पडून, पाय झाडून चढायची युक्ती त्याला साधली. काठावर वहिनी मोठ्याने मोजत होत्या. पाच झाल्यावर त्यांनी पदराने घाम टिपला.

"जमलं त्याला," त्या म्हणाल्या. "भाऊजी, आता ते जाकीट तुम्ही घाला बघू."