सहलीच्या वहीला गुण देऊ नका



दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या नोटिसा निघतात. सहल जाऊन आली की दोन दिवसांत मराठीच्या तासाला फळ्यावर विषय येतो, 'आमची सहल'. मीही कित्येक वर्षं हेच करत आले. एका वर्षी सहावीच्या बेचाळीस वह्या तपासायला घेतल्या. पहिल्या पाच वाचल्या आणि पुढच्या सदतीस न वाचताच कळल्या. आम्ही पहाटे उठलो. शाळेसमोर बस उभी होती. मॅडमनी हजेरी घेतली. गाणी म्हणत प्रवास सुरू झाला. तेथील निसर्गरम्य वातावरण पाहून मन प्रसन्न झाले. ही सहल माझ्या कायम स्मरणात राहील. आदल्या वर्षी आम्ही शेगावला गेलो होतो, त्या वर्षी चिखलदऱ्याला. निबंधात गावाचं नाव तेवढं बदललेलं होतं.

यात मुलांचा काय दोष? चार तासांत सहा पॉइंट, प्रत्येक ठिकाणी "चला चला, लाईनीत या", आणि ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांच्याभोवती सेल्फीची गर्दी. जे धड पाहिलंच नाही ते लिहिणार कुठून? मग निबंधमालेत वाचलेलं लिहितात. आणि आपण त्याला दहापैकी सात देतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की सहलीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात एक कोरी वही द्या. रेघा नसलेली, लहान आकाराची, शिवलेली, मागे जाड पुठ्ठा असलेली. वीस-पंचवीस रुपयांत होते. सोबत एक पेन्सिल. खोडरबर मुद्दाम देऊ नका, कारण रबर दिला की मूल एक रेघ काढतं आणि चार खोडतं. सहा पॉइंटांपैकी तीन गाळा आणि उरलेल्या प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं सगळ्यांना खाली बसवा. एकच वस्तू निवडायची, ती पाहून काढायची. बाजूला गावाचं नाव, तारीख, आणि त्या वस्तूबद्दल कुणी काही सांगितलं असेल तर ते त्याच्याच शब्दांत. बस्स.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या वहीला गुण देऊ नका.

हे मी अनुभवातून सांगते आहे, कारण पहिल्या वर्षी मी नेमकी तीच चूक केली. वहीला 'प्रकल्प' म्हटलं आणि वीस गुण ठेवले, त्यातले पाच नीटनेटकेपणाला. आमची ती सहल नरनाळा किल्ल्याला होती. अकोट तालुक्यातला, शहानूर गावावरून वर चढून जायचा हा किल्ला. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळातला. त्यावर कोरीव लेख आहे, जाळीचे सज्जे आहेत आणि दगडात उमललेली कमळं आहेत. एक मुलगा त्या दरवाजासमोर पूर्ण वेळ बसून होता. त्याने एकच कमळ काढलं, तेही वाकडं. एका मुलीने घरून बारा पानं रंगवून आणली, सुबक, कडेला नक्षी काढलेली. तिच्या भावाने नेटवरच्या फोटोंवरून गिरवून दिली होती, हे मला महिनाभराने कळलं. तिला मी अठरा दिले. त्या मुलाला सात. नंतर वह्या परत करताना पाहिलं तर त्याने कमळाच्या पाकळ्या मोजून शेजारी आकडा लिहिलेला होता. तपासताना माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. पुढच्या सहलीत त्याने वही पिशवीतून बाहेर काढली नाही.

काही पालक विचारतात, आमच्या मुलाला चित्रकला येत नाही, त्याने काय करायचं? आणि ज्यांच्या मुलांना येते ते विचारतात, याचा ग्रेड परीक्षेला उपयोग होईल का? एलिमेंटरी, इंटरमीजिएट जरूर द्या, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, ते घ्या. पण ती परीक्षा वेगळी आणि ही वही वेगळी. इथे चित्र चांगलं यायला हवं असं काहीच नाही. चित्र काढताना मुलाला थांबावं लागतं, आणि थांबलं की प्रश्न पडतात. मला तेवढंच हवं असतं.

एक उदाहरण सांगते. 'आनंददायी शनिवार' म्हणून सातवीच्या मुलांना शाळेजवळच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात घेऊन गेले होते. कुडाला जुनी तिफण टेकवून ठेवलेली. एका मुलाने ती झटपट काढली आणि उठू लागला. गोठ्यात बसलेले आजोबा वाकून वहीत पाहतात तर काय!

"काय बे, तिफनीले दोनच फन काढले? मंग तिफन कायले म्हन्तेत तिले?"

पोरगं परत खाली बसलं. तीन फण झाले. मग आजोबांनी विचारलं, बी कुठून टाकशील? चाडं काढ. चाड्यातून बी खाली कसं जाईल? नळ्या काढ. धरशील कुठे? रुमणं काढ. अर्ध्या तासात त्या वाकड्यातिकड्या चित्राभोवती सहा-सात शब्द जमा झाले. त्यातला एकही आमच्या पाठ्यपुस्तकाच्या शब्दार्थांत नव्हता. त्या मुलाचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून आहे, वडील ट्रॅक्टरने पेरणी करतात. ट्रॅक्टरने पेरणी करण्यात वाईट काहीच नाही. पण 'तिफण' या शब्दात तीन फण दडलेले आहेत हे मी मराठीची शिक्षिका असून वर्गात कधी सांगितलं नव्हतं. आजोबांनी एका वाक्यात सांगितलं, तेही मुलाने चूक काढलं म्हणून. बरोबर काढलं असतं तर आजोबा बोललेच नसते!

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नवीन खूळ नाही. नेदरलँड्समध्ये न्यूनेन नावाचं एक खेडं आहे. डिसेंबर १८८३ ते नोव्हेंबर १८८५ अशी जवळजवळ दोन वर्षं व्हिन्सेंट व्हॅन गॉग तिथे आईवडिलांच्या गावी राहिला. त्याचं 'बटाटे खाणारे' हे १८८५ सालचं चित्र तिथलंच, ते आपण पुस्तकात पाहतो. पण त्याआधी तो त्या खेड्यात हिंडत काय काढत होता ते पाहण्यासारखं आहे. विणकर आणि त्यांचे अवाढव्य लाकडी माग, तेही पुन्हा पुन्हा. शेतात वाकलेल्या बाया. पक्ष्यांची घरटी तर तो गोळाच करून ठेवायचा. गावाबाहेर एक जुना पडका चर्चचा मनोरा होता. १८८५ मध्ये तो पाडला, त्याच्या लाकूडसामानाचा लिलाव झाला. व्हॅन गॉगने तो मनोरा काढला आणि लिलावाला जमलेली माणसंही काढली. त्या खेड्यात तेव्हा कुणाला वाटलं असेल की हे काढून ठेवण्यासारखं आहे? आज त्याच्या खिशातल्या वह्या आम्स्टरडॅमच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, मॅडम, तो व्हॅन गॉग होता. खरं आहे. पण विणकर, पडके मनोरे आणि लिलाव आपल्याकडेही आहेत, आणि काढायला कुणी बसत नाही. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळला जाणारी आपली शकुंतला घ्या. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस वाहायला टाकलेली ती नॅरोगेज, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती. दर्यापूर, अंजनगाव भागातल्या कितीतरी घरांत त्या गाडीने प्रवास केलेली माणसं आहेत. इंजिनाचे फोटो पुष्कळ मिळतील. पण डब्यात बाकं कशी होती, तिकीट कोण द्यायचं, चालत्या गाडीतून उतरून माणसं काय काय करायची, हे आजीला विचारून काढायला आपल्या मुलांना कुणी सांगितलं?

फोटो काढला की झालं ना, असंही म्हणतात. फोटोला माझा विरोध नाही, मी स्वतः सहलीत शंभर काढते. पण गाविलगडाच्या शार्दूल दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे, दोन तोंडांचा पक्षी. आमच्या मुलांनी दरवाजासमोर उभं राहून ग्रुप फोटो काढले आणि परत येताना बसमध्ये मी विचारलं, पक्ष्याला तोंडं किती? पंचेचाळीस मुलांत तिघांनी हात वर केला. फोटोत पक्षी होता, मुलांच्या डोळ्यांत नव्हता. दुसऱ्या वर्षी तिथेच वह्या घेऊन बसवलं, तर भांडण सुरू झालं की त्याने पायात काय धरलंय! एक म्हणे हत्ती, दुसरा म्हणे कुत्रा. मी सांगितलं नाही. भांडू दिलं.

सणांचंही तसंच. पोळ्याला बैल सजतो तेव्हा झूल, घुंगरमाळ, मोरकी, वेसण यातलं कुठे काय बांधतात हे काढल्याशिवाय कळत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घराघरांत भुलाबाई बसायची. मातीच्या भुलाबाई-भुलोबा आणि त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. आता ज्वारीचा पेरा इतका कमी झाला की शहरात धांडे विकत आणावे लागतात. अमरावतीत एका मुलीने शेजारच्या काकूंकडची भुलाबाई काढली आणि खाली लिहिलं, 'धांडे पाचच मिळाले, काकू म्हणाल्या चालते.' मला हे वाक्य कुठल्याही 'भुलाबाई: एक लोकोत्सव' निबंधापेक्षा मोलाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगायला हवी. कुणाच्या घरात, अंगणात, देवघरात विचारल्याशिवाय वही उघडायची नाही. मेळघाटात कोरकू लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ लाकडी खांब उभारतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र कोरलेले असतात. आपल्या मुलांना ती 'छान नक्षी' वाटते, पण ते कुणाच्या तरी बापाचं, आईचं स्मारक आहे. आधी घरच्या माणसाला विचारा. नाही म्हणाले तर पेन्सिल खिशात. होय म्हणाले तर चित्र पूर्ण झाल्यावर त्यांना दाखवा. माणसं प्राणीसंग्रहालयातली नाहीत हे मुलांना वेगळा पाठ घेऊन शिकवावं लागत नाही, विचारायची सवय लावली की पुरतं.

पालकांनो, यासाठी शाळेच्या सहलीची वाट पाहू नका. उन्हाळ्यात मूल मामाच्या गावाला जातंच. रांजण, उतरंड, कणगी, ओटा, जे असेल ते. खारपाणपट्ट्यात गाव असेल तर पाण्याच्या भांड्याला आतून बसलेला पांढरा थरही काढता येतो, आणि तो का बसतो हा प्रश्न विज्ञानाच्या बाईंना विचारता येतो. मात्र "दाखव बरं, किती पानं झाली?" असं रोज विचारू नका. आणि कृपा करून स्टेटसला टाकू नका. टाकलंत की पुढचं चित्र ते मूल स्टेटससाठी काढेल.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिने सहावीच्या सुटीत आबांची दमणी काढली होती. गोठ्यात वापराविना पडून असलेली. तिने चाकाभोवती नावं लिहून घेतली होती: आरे, तुंबा, धाव, आस, पुढे जू आणि शिवळ. एक आरा इतरांपेक्षा जाड काढला होता. मला वाटलं हात घसरला. तिने सांगितलं, तो आरा मोडला होता, आबांनी स्वतः बाभळीचा करून बसवला, म्हणून जाड. पुढच्या वर्षी आबा गेले आणि घरच्यांनी दमणी विकली. गोठा पाडून तिथे खोली बांधली.

यंदा ती आठवीत आहे. सहलीहून परतताना अकोला-अमरावती रस्त्यावर एका ढाब्यावर चहाला थांबलो. दारातच एक दमणी शोभेला ठेवलेली, लाल-पिवळ्या रंगाने रंगवलेली, वरून दिव्यांची माळ. मुलं फोटो काढायला धावली. ही मुलगी चाकाजवळ उकिडवी बसली आणि बोटाने आरे मोजत गेली. एका आऱ्याशी थांबली.

"मॅडम, हा बघा. हा आबांचा."

ढाबेवाले दादा कौतुकाने म्हणाले, "काढ ना फोटो पोरी, समदेच काढतात." तोवर तिने पिशवीतून वही बाहेर काढली होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि आणखी एक चहा सांगितला.