रामटेक : जागा राखीव, पण निर्णय कोणाचा?

नागपूर शहराभोवती पसरलेला रामटेक लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक हे त्यातले सहा विधानसभा मतदारसंघ.

एकेकाळी हा काँग्रेसचा बालेकिल्ला होता. आंध्रातले पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ मध्ये येथूनच निवडून आले. १९९९ मध्ये सुबोध मोहिते यांनी शिवसेनेचा झेंडा रोवला. २००९ मध्ये काँग्रेसचे मुकुल वासनिक जिंकले, तर २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे कृपाल तुमाने.

२०२४ मध्ये निष्ठांची अदलाबदल उघड दिसली. शिंदे गटाने तुमानेंना डावलून, काँग्रेसची आमदारकी सोडून आलेल्या राजू पारवेंना तिकीट दिले. २०१९ चे काँग्रेस उमेदवार किशोर गजभिये अपक्ष उभे राहिले आणि वंचितने त्यांना पाठिंबा दिला. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचे जात वैधता प्रमाणपत्र रद्द होऊन अर्ज बाद झाला. ती कारवाई हायकोर्टाने पुढे सप्टेंबरमध्ये रद्द ठरवली. पण तोवर त्यांचे पती श्यामकुमार बर्वे सुमारे ७६ हजार मतांनी खासदार झाले होते. संविधान वाचवण्याचा मुद्दा त्या प्रचारात घरोघरी पोहोचला होता.

सहाच महिन्यांत चित्र उलटले. विधानसभेच्या सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. काँग्रेसकडे राहिली फक्त उमरेड, सहांतली एकमेव राखीव जागा. ‘जयभीम’ हे अभिवादन रुजवणाऱ्या बाबू हरदास यांच्या कामठीतही भाजपचे चंद्रशेखर बावनकुळे विजयी झाले.

यातून काय शिकायचे? भीतीपोटी एकवटलेले मत एक निवडणूक जिंकून देते, संघटना उभी करत नाही. बाबू हरदास १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात गेले, ते विडी कामगारांमध्ये वर्षानुवर्षे काम करून. आज उमेदवार मुंबई-दिल्लीत ठरतो आणि आपल्याला शेवटच्या पंधरवड्यात कळतो. राखीव जागेवर निवडून येणारा पक्षश्रेष्ठींचा माणूस असतो, समाजाला उत्तर देणारा नव्हे.

म्हणून तरुणांनी पुढच्या लोकसभेची वाट पाहू नये. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद ही आपली पहिली पायरी. शिष्यवृत्ती, घरकुल, शेतमजुरी या प्रश्नांवर गावातल्या विहारात बैठका घ्या, बूथनिहाय मतदार यादी तपासा, प्रत्येक पक्षाच्या इच्छुकाला तिकिटाआधीच समोर बसवून विचारा. आपले मत गृहीत धरले जाते, कारण हिशेब मागायला आपण उशिरा जातो.