तळ आणि गोडे

गेल्या दिवाळीत बऱ्हाणपूरला नणंदेकडे गेले होते. इतवाऱ्यात तिचं घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आपल्याकडे कन्नड, तिथे हिंदी, एवढाच काय तो फरक. मावा जिलेबीची खोकी येत होती, रिकामी होत होती, पण बारावीतली भाची काही खोलीबाहेर येईना.

शेवटी मीच आत गेले. म्हणाली, ‘‘मामी, मी गणित सोडतेय.’’

चाचणीत गणित आलं होतं. १८ सेंमी बाजूच्या चौरस पत्र्याचे चारही कोपरे सारखे कापायचे, कडा वर दुमडायच्या आणि वरून उघडा डबा करायचा. किती कापलं तर डब्यात सर्वांत जास्त मावेल? एनसीईआरटीच्या पुस्तकातलंच गणित, म्हणजे आपल्या पीयूसीच्या मुलांच्याही ओळखीचं. सूत्रातून दोन उत्तरं येतात, ३ आणि ९. हिने ९ लिहिलं. सरांनी वही वर्गाला दाखवली आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून वही बंद.

मी कॉमर्सची, मला कॅल्क्युलस काय कळणार? पण पुठ्ठा कळतो. खोक्यांच्या पुठ्ठ्यातून १८ सेंमीचे चौरस कापले. म्हटलं, ‘‘तुझंच उत्तर आधी करू.’’ चारही कोपरे नऊ-नऊ सेंमी कापले, तर हातात काहीच उरेना. सगळा पुठ्ठा कोपऱ्यांतच गेला! पोरगी दिवाळीत पहिल्यांदा हसली.

मग २, ३ आणि ४ सेंमी कापून तीन डबे केले, चिकटपट्टी लावली. पहिल्यात ३९२ घनसेंमी, दुसऱ्यात ४३२, तिसऱ्यात ४००. तांदूळ भरून वाटीनेही मोजले. (नणंदबाई तांदळाकडे बघत होत्या, पण बोलल्या नाहीत.)

‘‘पण तीनच का?’’ मी विचारलं. बराच वेळ ती डबे फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘‘कापायची रेघ केसभर आत सरकवली, तर डबा केसभर उंच होतो. म्हणजे तळाएवढा एक पातळ थर वाढतो. पण चारही भिंतीसुद्धा केसभर आत येतात. म्हणजे भिंतींएवढा थर जातो.’’ तळ मोठा आहे तोवर फायदा, भिंती मोठ्या झाल्या की तोटा. तिने भराभर आकडे मांडले. २ सेंमीला तळ १९६, भिंती ११२. ४ सेंमीला तळ १००, भिंती १६०. आणि ३ सेंमीला तळ १४४, भिंतीही १४४! पुस्तकात डेरिव्हेटिव्ह शून्य धरायला सांगतात, ते शून्य म्हणजे ही बरोबरी. मलाही ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना गाडी चाळीसगाववरून गेली. जवळच पाटण. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्य मूळचे विजापूरचे की पाटणचे, यावरून आपल्या सीमाभागात दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. भांडोत बापडे. ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांतलं अंतर जिथे सर्वांत जास्त असतं, तिथे त्या अंतराचा बदल क्षणभर शून्य असतो, हे त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त १२ व्या शतकात हेरलं होतं. भाचीच्या डब्याचं तरी वेगळं काय झालं?

बेळगावला पोचून आईला हे सांगितलं. तिचं माहेर धारवाडचं. पुठ्ठ्याचा डबा हातात घेऊन म्हणाली, ‘‘तळ एष्टो, गोडे अष्टे!’’ तळ दोन्ही भाषांत तळच, भिंत तेवढी वेगळी.

ते मी भाचीला फोनवर कळवलं, तर तिला भलतीच घाई. पुस्तकातला पुढचा पत्रा चौरस नव्हता, ४५ बाय २४ चा होता. तिथे ही युक्ती चालणार नाही, अशी तिला धाकधूक होती.

‘‘मामी, उत्तर ५ आलं. तळ पस्तीस गुणिले चौदा, चारशे नव्वद. भिंती मोजल्या. त्याही चारशे नव्वद!’’