रोज एक गोळी... पण कुणी?

ऑफिसात तिशी-पस्तिशीतल्या कुणाला हार्ट ॲटॅक आला, की पुढचे आठ दिवस सगळे एकदम हेल्थ कॉन्शस! लिफ्ट सोडून जिना, वडापाव सोडून सॅलड. आणि कुणीतरी हमखास सांगतंच, ‘बॉस, रोज एक ॲस्पिरिन घे. ७५ एमजी. रक्त पातळ राहतं.’

मी ३६ वर्षांचा. बाबांना पन्नाशीच्या आतच ॲटॅक आला होता आणि ते ही गोळी रोज घेतात. मग मीही सुरू करू का?

तर मंडळी, इथंच खरी मेख आहे. गोळी एकच, पण प्रश्न दोन. ज्यांना ॲटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय, त्यांना ॲस्पिरिनचा फायदा पक्का. डॉक्टरांना न विचारता ती बंद करणं म्हणजे विषाची परीक्षा. पण ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, त्यांचं काय?

ॲस्पिरिन रक्त पातळ वगैरे करत नाही. ती प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणजे गुठळी सहज होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत हे उत्तमच. पण पोटात अल्सर असेल किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर हाच गुण अंगाशी येतो. डेंग्यूच्या तापात डॉक्टर ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉल घ्या म्हणतात, ते याचसाठी.

१९८९ साली अमेरिकेतल्या सुमारे २२ हजार पुरुष डॉक्टरांच्या अभ्यासाचा निकाल आला. पहिल्या ॲटॅकचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी! गोळी एकदम हिट झाली. पण २०१८ साली ‘असेंड’ नावाचा अभ्यास आला. डायबेटिस असलेल्या १५,४८० जणांवर, सरासरी सात वर्षं. हिशेब असा: हजारात साधारण ११ जणांचा ॲटॅक-स्ट्रोकसारखा त्रास टळला, आणि ९ जणांना मोठा रक्तस्राव जास्तीचा झाला. म्हणजे एका हातानं घेतलं, दुसऱ्या हातानं दिलं!

२०२२ साली अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं सांगून टाकलं, की हृदयविकार नसलेल्यांनी साठीनंतर ही गोळी नव्यानं सुरू करू नये. ४० ते ५९ वयात, पुढच्या दहा वर्षांतला धोका १० टक्के किंवा जास्त असेल, तर डॉक्टरांशी बोलून ठरवावं. फायदा झाला तरी छोटाच. चाळिशीच्या आतल्यांना ‘सुरू करा’ असं त्यांनी म्हटलेलंच नाही.

म्हणून माझा निर्णय: गोळी नाही. पण फॅमिली हिस्टरी आहे म्हटल्यावर हातावर हात ठेवूनही बसणार नाही. बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं आणि सरळ विचारायचं, ‘माझा धोका किती?’ तुम्हीही विचारा. आणि टपरीवरची ती चहासोबतची सिगरेट... ती सोडायला कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका!