राज्यांचे हक्क, पण कोणासाठी?
'राज्यांच्या हक्कांवर केंद्राचे आक्रमण नको' असे कोणी म्हटले की लगेच टाळ्या वाजवू नका. अमेरिकेचा इतिहास पाहा. १८५० मध्ये पळून गेलेले गुलाम परत पकडण्यासाठी दक्षिणेतल्या गुलाममालकांना केंद्राचाच कडक कायदा हवा होता. तेव्हा उत्तरेतल्या राज्यांचे सार्वभौमत्व त्यांना आठवले नाही. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना रोखताना मात्र आर्कान्साच्या गव्हर्नरला ते आठवले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते की, मसुद्यात गाव नव्हे, व्यक्ती हा घटक मानला आहे. हीच आपली कसोटी. सत्ता दिल्लीत असो वा मुंबईत, ती माणसाचे हक्क राखते का, हे आधी विचारा.

जय भीम!