४३ धावांचा न्याय

टेंभुर्णीत परवा एका स्नेह्यांकडे चहाच्या वेळी क्रिकेटचा विषय निघाला. एका तरुण फलंदाजाने परदेशातील पहिल्या दौऱ्यात चारपाच डाव लागोपाठ गमावले होते. त्याचे तंत्र सदोष आहे, असे कोणी म्हटले असते तर आमची तक्रार नव्हती. परंतु जमलेल्या सुशिक्षित मंडळींनी एकमुखाने निकाल दिला तो असा : 'तो मुळातच भित्रा आहे, त्याच्या हातून काही व्हायचे नाही.' दोष तंत्राचा, आणि शिक्षा मात्र स्वभावाला! या न्यायाविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि त्यासाठी साक्षीदार आम्ही आमच्याच जिल्ह्यातून बोलावणार आहो.

ज्यांचे बालपण सोलापुरात गेले ते पारशी कुटुंबातील पॉली उम्रीगर डिसेंबर १९४८ मध्ये मुंबईस वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळले. त्यानंतर १९५१-५२ साली इंग्लंडचा संघ येथे आला तेव्हा त्यांची बॅट चालेना. मद्रासच्या पाचव्या सामन्यातून तर त्यांना वगळण्यातच आले होते. पण आयत्या वेळी हेमू अधिकारी जायबंदी झाले आणि उम्रीगरांना जागा मिळाली. त्यांनी नाबाद १३० धावा काढल्या. आपल्या पंचविसाव्या कसोटी सामन्यात भारताला मिळालेला तो पहिला विजय. अधिकाऱ्यांची दुखापत एक दिवस उशिरा झाली असती तर? या प्रश्नाचे उत्तर 'भित्रा' म्हणणाऱ्यांनी आधी द्यावे.

मग १९५२ चा इंग्लंडचा दौरा आला. चार कसोटी सामने, सात डाव, एकूण धावा ४३, सरासरी ६.१४! समोर फ्रेड ट्रूमन हा एकवीस वर्षांचा जलद गोलंदाज. त्याचा चेंडू येण्यापूर्वीच उम्रीगर स्क्वेअर लेगच्या दिशेने सरकत. ते इतके मागे येत की जवळच्या क्षेत्ररक्षकास गोलंदाज दिसेना, असा किस्सा आजही चवीने सांगितला जातो. उम्रीगर बिचकले नाहीत, असा दावा आम्ही करीत नाही. ते बिचकले. पण त्याच दौऱ्यात, त्याच इंग्लंडच्या हवेत, इतर प्रथम श्रेणीचे सामने धरून त्यांनी १६८८ धावा केल्या आणि त्यांत तीन द्विशतके होती. खरा उम्रीगर कोणता, ४३ धावांचा की १६८८ धावांचा? किस्सा सांगणारास ही दुसरी संख्या बहुधा ठाऊकच नसते.

पुढे काय झाले ते पाहावे. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईस पाकिस्तानविरुद्ध उम्रीगरांनी १०२ धावा केल्या. याच सामन्यात सतरा वर्षांच्या हनीफ महंमदने ९६ धावा काढून कौतुक मिळविले. १९५३ च्या आरंभी वेस्ट इंडिजमध्ये उम्रीगरांनी दोन शतकांसह ५६० धावा केल्या. यावर प्रतिपक्ष म्हणेल की तेथील मुख्य मारा रामाधीन व व्हॅलेंटाइन या फिरकी गोलंदाजांचा होता. मान्य. परंतु १९५९ साली मँचेस्टरला समोर प्रत्यक्ष ट्रूमनच होता, आणि तेथे उम्रीगरांनी ११८ धावा केल्या. १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ली हॉलच्या तडाख्यापुढे, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ५६ व नाबाद १७२ धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. एकूण ५९ सामने, ३६३१ धावा, १२ शतके. ते निवृत्त झाले तेव्हा हे तिन्ही आकडे भारतीय उच्चांक होते.

याचे श्रेय जितके उम्रीगरांच्या जिद्दीचे, तितकेच ४३ धावांनंतरही त्यांना संघात ठेवणाऱ्यांचे आहे. उलट बाजूही पाहावी. विनोद कांबळी याने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत २२४ व २२७ धावा केल्या, आणि आपण त्याला एकदम आकाशात नेऊन बसविले. पुढे वेगवान माऱ्यापुढे तो चाचपडला. ५४ धावांहून अधिक सरासरी असताही सतरा कसोटी सामन्यांनंतर, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याची कसोटी कारकीर्द संपली. त्यात त्याचा स्वतःचा दोष किती, हा वाद निराळा. आमचा मुद्दा इतकाच की घाईने चढविलेली माळ आणि घाईने दिलेली फाशी एकाच उतावळेपणाची अपत्ये आहेत.

सात डावांवरून एखाद्याच्या तंत्रातील उणीव दिसू शकते; ती दाखविणे हे परीक्षकाचे कर्तव्यच होय. परंतु उणीव सुधारता येते, म्हणूनच ती दाखवावयाची असते. 'भित्रा' हा शब्द उणीव दाखवीत नाही, तो सुधारण्याची वाटच बंद करतो. अध्यापनात आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा शब्द अनेक रूपांत भेटला आहे. पहिल्या चाचणीत गणितात नापास झालेल्या मुलास 'याला डोकेच नाही' म्हणणारे वडील, खेड्यातून आलेल्या मुलीची पहिल्या दिवशीची अडखळती इंग्रजी ऐकून 'हिचे हे क्षेत्र नव्हे' म्हणणारे आमचे व्यवसायबंधू, हे सारे त्या किस्सा सांगणाराचेच सोयरे होत. आणि त्या मुलांना उम्रीगरांसारखा मुंबईचा दुसरा सामना मिळतोच असे नाही. टेंभुर्णीसारख्या गावातून निवड-चाचणीस जाणाऱ्या मुलाला बहुधा एकच संधी असते.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की घरातील वा मैदानावरील कोणाही तरुणाविषयी असा निकाल ओठांवर आला, तर सोलापूरच्या या मुलाच्या ४३ धावा आठवाव्यात, आणि लगेच पुढच्या ५६० आठवाव्यात.