पंचनाम्याचे व्याकरण

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण बखरींपासून निबंधमालेपर्यंत आणि तेथून ललित निबंधापर्यंत येतो. परंतु ज्या गद्यावर सामान्य माणसाचे घरदार अवलंबून राहू शकते, त्याला आपल्या वर्गात प्रवेश नाही. रस्त्यावरील अपघातानंतर पोलीस ठाण्यात लिहिली जाणारी फिर्याद आणि घटनास्थळाचा पंचनामा हे ते गद्य होय. भाषेच्या अभ्यासकांनी ते वकिलांच्या हवाली करून मोकळे व्हावे, हे आम्हांस मान्य नाही.

फिर्याद आणि पंचनामा एकच, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः फिर्याद ही सांगितलेली हकीकत असते आणि सांगणाऱ्याने अपघात पाहिलेला असतोच असे नाही. पंचनामा ही जागेची नोंद असते : रस्त्याची दिशा व रुंदी, चाके घसरल्याच्या खुणा, फुटलेल्या काचा, वाहनांची स्थिती. पंच हे घटनेचे नव्हे, घटनेनंतरच्या जागेचे साक्षीदार असतात. फिर्यादीत 'मी' बोलतो, पण वाक्यरचना ठाण्याची असते. अखेरीस 'माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे' हेही त्याच भाषेत लिहून खाली त्या 'मी'ची सही घेतली जाते. लेखक आणि निवेदक यांतील भेद कथेच्या तासाला आवर्जून शिकवणारे आपण, येथे तो का विसरतो?

आता त्या सुप्रसिद्ध वाक्याकडे पाहू. चालकाने 'आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' चालवले. यातील 'हयगय' कायद्यातून आलेली आहे. 'भरधाव' मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये कोठेही नाही. आणि केवळ वेग जास्त होता एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच म्हटले आहे. तरीही ही क्रियाविशेषणे जोडीजोडीने येत राहतात. आणि रस्ता? तो या वाक्यात येतो तो 'कडे दुर्लक्ष करून' एवढ्यापुरता. कर्ता म्हणून कधीही नाही. चालक एकटाच असेल आणि दगावला असेल, तर वाक्य संपते : 'स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला.' ज्याचा जबाब आता कोणीही घेऊ शकत नाही, त्यालाच व्याकरण कर्तेपद बहाल करते.

ही शब्दांची खेळी म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अन्य कोणतेही बाह्य कारण नसताना स्वतःच्याच बेदरकार चालवण्याने मृत्यू पावलेल्या चालकाच्या वारसांचा भरपाईचा दावा नाकारला. म्हणजे 'बाह्य कारण' नोंदले गेले की नाही, यावर एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरू शकते. उलट, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल करणाऱ्यांनाही जबाबदार धरते. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये देण्याचे आदेश दिले. कायद्याने रस्त्याला कर्ता मानले. ठाण्याच्या वाक्याने अद्याप मानलेले नाही. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली पंचनाम्यात नसेल, तर वारसांनी तो दाखवावा कोठून? तोवर तो बुजवलेलाही असेल.

यावर आक्षेप येईल की कायद्याचे लेखन साचेबंदच असावे लागते. पोलिसांकडून शैलीची अपेक्षा कसली करता? आम्ही शैली मागतच नाही. साच्याला आमचा विरोध नाही. साच्याने पाहण्याची जागा घेण्याला आहे. 'हयगय' हा निष्कर्ष आहे. त्याखाली पाहिलेला तपशील हवा. आणि दावा न्यायाधिकरणापुढे फिर्याद हा अंतिम शब्द नसतो, पुराव्याने ती खोडता येते, हे खरे. पण जे वाचताच आले नाही ते खोडणार कसे?

म्हणून आमची मागणी साधी आहे. एक पंचनामा, नावे झाकून, मराठीच्या वर्गात आणा. विद्यार्थ्यांना विचारा : येथे पाहिलेले कोणते आणि ठरवलेले कोणते? कर्ता कोण, आणि कोणाला कर्ता होऊ दिलेले नाही? काय मोजले, काय मोजले नाही? फिर्यादीतले वाहन पंचनाम्यातही त्याच दिशेने जात आहे काय? फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने खबर देणाऱ्यास आणि पीडितासही दिलेला आहे, हेही सांगा. हक्काने हाती आलेला कागद वाचता येणे, ही मात्र भाषेच्या शिक्षकाची जबाबदारी आहे.

या गद्यात वारंवार येणारा 'इसम' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ 'नाव'. 'अनोळखी इसम' लिहिताना आपण नाव नसलेल्या माणसाला 'नाव' म्हणत असतो. ज्यांना हा विरोधाभास केवळ गमतीचा वाटतो, त्यांनी भाषा शिकवू नये.